नॅकसाठी स्टोअरमधली जुनी रसायनं बेसिनमध्ये ओतायला सांगितलीत. नाही म्हणायचंय, पण कशाच्या आधारावर?

बुन्सेन_नाशिक

नमस्कार. मी नाशिकमधल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीची प्रयोगशाळा सहाय्यक आहे. यंदा बाविसावं वर्ष. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही, मला उत्तर हवंय.

पुढच्या महिन्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, टीम येतेय. सातव्या निकषात घातक रसायनांच्या कचऱ्याचं काय करता हे लिहून द्यावं लागतं. त्यामुळे गेल्या सोमवारी मला तोंडी सांगितलं गेलं की आठ दिवसांत मागचं स्टोअर रिकामं करा. पातळ आहे ते नळ सोडून बेसिनमध्ये ओता, पावडरी मागे खड्डा करून पुरा, बाटल्या भंगारात द्या. लेखी काहीही नाही.

मागचं स्टोअर म्हणजे जिन्याखालची नऊ बाय सातची खोली. एक खिडकी आहे, तिला जाळी. एक्झॉस्ट फॅन २०१९ पासून बंद. मी चार दिवस सकाळी साडेसातला जाऊन, पोरं यायच्या आत, बाटल्यांना हात न लावता नुसती लेबलं वाचून यादी केली. १६३ बाटल्या भरल्या. त्यातल्या ३८ वर लेबलच नाही, कुठे गळून पडलंय, कुठे आम्लाच्या वाफेनं खाऊन टाकलंय. बाकीच्यांपैकी ज्यांच्यामुळे मला रात्री झोप लागत नाही त्या सांगते.

डायएथिल ईथरच्या तीन बाटल्या. एकीवर २००९ लिहिलंय, ती अर्धी रिकामी आहे. टॉर्च धरला तर झाकणाच्या आट्यांच्या कडेला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे कण दिसतात. त्याच्या मागे पिक्रिक ॲसिडची ५०० ग्रॅमची बरणी. पूर्वी ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला नॅफ्थॅलीनचं पिक्रेट करायचो, तेव्हाची. बरणी कलती ठेवलेली आहे आणि आतली पिवळी पावडर कोरड्या रांगोळीसारखी एका बाजूला उतरलीय. ती पाण्यात भिजलेली असायला हवी एवढं मला माहीत आहे. सोडियमच्या बाटलीतलं रॉकेल आटून निम्म्यावर आलंय, वरचे तुकडे उघडे पडून पांढरे झालेत. तुटलेल्या थर्मामीटरांचा पारा एका जॅमच्या बरणीत वर्षानुवर्षं साठवलाय, किलोभर तरी असेल. बेंझीन आहे. पोटॅशियम सायनाइड आहे, तेही कुलुपाबाहेर.

फळ्या इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे लावलेल्या आहेत. एचच्या फळीवर हायड्रोक्लोरिक, आणि तिच्या बरोबर खाली पीच्या फळीवर ते सायनाइड. वरची बाटली गळली तर त्या बंद खोलीत कोणता जीवघेणा वायू सुटेल हे बारावीचं पोरगंही सांगेल.

मी भित्री नाही. २०११ साली एका शनिवारी एफवायच्या मुलानं उरलेलं नायट्रिक ॲसिड अल्कोहोलच्या वेस्टच्या बाटलीत ओतलं आणि बूच घट्ट लावलं. वीस मिनिटांनी बाटली फुटली. माझ्या डाव्या दंडात काच शिरली, सात टाके पडले. त्या मुलाला चष्मा होता म्हणून त्याचे डोळे वाचले. रिपोर्ट कुणी लिहिला नाही. "काच लागली" एवढीच नोंद झाली.

आणि पुरण्याचं म्हणाल तर २०१४ मध्ये एकदा पुरलेलं मी पाहिलंय, मागच्या कडुलिंबाजवळ. त्या जागी आजही गवत उगवत नाही, अगदी श्रावणातसुद्धा. तिथून पंधरा पावलांवर बोअर आहे. आमचे माळीमामा त्याच बोअरचं पाणी पितात. हे मी तेव्हा बोलले नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मला एवढंच सांगा, हे न्यायला कायदेशीर कोण येतं? जबाबदारी कुणाची, माझी, एचओडींची (विभागप्रमुखांची) की प्राचार्यांची? आणि मी नाही म्हणणार हे नक्की, पण "का नाही" याला कायद्यातलं काय दाखवू?

---

अंबडचा_सेफ्टीवाला

ताई, पहिलं काम. ती ईथरची बाटली आणि पिक्रिकची बरणी या दोन्हींना हात लावू नका. झाकण फिरवून बघू नका, हलवू नका, "जरा पाणी घालून ओली करू" असंही करू नका. ईथर हवा आणि उजेड लागून पेरॉक्साइड धरतं. ते झाकणाच्या आट्यात सुकलं की नुसत्या फिरवण्याच्या घर्षणानंही स्फोट होऊ शकतो. पिक्रिकचंही तेच. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत हेच भरत होते. खोलीला कुलूप, दारावर पाटी, वरच्या जिन्याची वर्दळ बंद. सोडियम आहे म्हणता, तर खोलीबाहेर कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवा. पाण्याची नको, सीओटूचा सिलिंडरही नको.

मी अंबड एमआयडीसीत ३१ वर्षं सेफ्टीला होतो, आता निवृत्त आहे. आमच्याकडे फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे, वर्षातून एकदा तरी धाकधूक असायची. कॉलेज फॅक्टरी ॲक्टमध्ये कधी बसलं नाही, त्यामुळे तुमच्या लॅबला तो इन्स्पेक्टर कधी दिसला नाही. तिथूनच सगळ्यांचा समज होतो की कॉलेजला कायदाच नाही. आहे. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यात जबाबदार धरला जातो तो भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर किंवा आवारावर ज्याचा ताबा चालतो तो. आवार हा शब्द त्यात आहे, तुमचं कॉलेज त्यात आलं. भोगवटादार म्हणजे संस्था आणि तिच्या वतीनं प्राचार्य. तुम्ही नाही, एचओडीही नाहीत. पण ओतणारा हात तुमचा असेल तर उद्या चौकशीत पहिलं नाव तुमचं येईल. म्हणून तोंडी हुकुमावर काहीही करू नका.

आता रीत सांगतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय त्र्यंबक रोडवर उद्योग भवनात आहे, आयटीआय सिग्नलजवळ. तिथे संस्थेनं प्राधिकारपत्रासाठी, म्हणजे घातक कचरा हाताळायच्या परवानगीसाठी, अर्ज करायचा, फॉर्म १. मग अधिकृत प्रक्रिया केंद्राचं सभासद व्हायचं. नाशिककरांना जवळचं म्हणजे रांजणगाव, त्याशिवाय तळोजाला आहे. त्यांची परवानाधारक गाडी येते आणि मालासोबत मॅनिफेस्ट जातं, फॉर्म १०, सात प्रतींत. कुठून काय निघालं, कुणी नेलं, कुठे पोचलं हे सगळं त्यावर असतं. नॅकच्या टीमला दाखवायचा खरा कागद हाच. एरवी कचरा साठवायची मुदत ९० दिवसांची, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, आणि वार्षिक विवरण फॉर्म ४ दर वर्षी ३० जूनच्या आत.

ईथर आणि पिक्रिक त्या गाडीत कुणी घेणार नाही, घेऊही नये. त्यासाठी प्राचार्यांनी पोलीस आयुक्तालयाला लेखी कळवायचं. बॉम्बशोधक-नाशक पथक येऊन बघेल.

भंगारवाल्याला तर अजिबात नाही. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात वर्षानुवर्षं वापराविना पडलेलं एक गामा इरॅडिएटर (किरणोत्सर्गाचा मारा करणारं यंत्र) फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगारवाल्याला गेलं. मायापुरीच्या दुकानात त्यांनी ते उघडलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. एक माणूस एप्रिलमध्ये दगावला, बाकीचे कित्येक दिवस दवाखान्यात होते. त्या दुकानातल्या एकालाही आपण काय कापतोय हे ठाऊक नव्हतं. तुमच्या त्या ३८ बिनलेबलांच्या बाटल्या ज्याच्या हातात जातील त्यालाही ठाऊक नसेल.

जाता जाता, आगीचंही बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. शेवटचा कधी दिलाय, विचारा.

---

ब्युरेट_५०मिली

मी नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. ताईंची काळजी मला कळते, ईथर-पिक्रिकबद्दल काकांनी सांगितलं ते बरोबरच. पण बाकीचं एवढं ताणू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आपल्याकडे वर्षाला किती रसायन निघतं? दोनशे मिली इथे, शंभर मिली तिथे. भरपूर पाणी सोडलं की ते इतकं पातळ होतं की कारखान्यांच्या तुलनेत ते काहीच नाही. ग्रामीण कॉलेजांना कन्झ्युमेबलला पैसे मिळत नाहीत, ते रांजणगावची गाडी कुठून बोलावणार? नियम केले त्यांनी हा विचार केला नाही.

---

बुन्सेन_नाशिक

सर, पैशांचं म्हणणं मान्य. पण "काहीच नाही" हे मला पटत नाही, कारण त्या बेसिनपाशी मी उभी असते.

एकच उदाहरण देते. काचसामान धुवायला आम्ही वर्षानुवर्षं क्रोमिक ॲसिड वापरलं. पोटॅशियम डायक्रोमेट आणि कडक सल्फ्युरिक, तो नारिंगी-तपकिरी काढा. दर सत्राच्या शेवटी तो बेसिनमध्ये जायचा. त्यातलं क्रोमियम सहा संयुजेचं, कॅन्सर करणारं. पाणी सोडलं म्हणून ते नाहीसं होत नाही, फक्त रंग दिसेनासा होतो. आमचं ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला आहे, ती मलजल केंद्राकडे जाते आणि तिथून पाणी गोदावरीत. मलजल केंद्रात सगळं काम जिवाणू करतात. धातूचं विष त्यांनाही लागतं. जे त्यांच्याच्यानं पचत नाही ते एक तर गाळात बसतं, नाही तर नदीत उतरतं. २०२७ ला सिंहस्थ आहे, रामकुंडावर लाखो माणसं डुबकी मारणार. माझी आई तिथे दर एकादशीला जाते. मी कॉलेजात बेसिनमध्ये ओतायचं आणि आईनं खाली तीर्थ म्हणून तोंडात घ्यायचं, हे मला जमायचं नाही.

आणि हे हातानं सुधारता येतं, सर. तीन वर्षांपूर्वी मी क्रोमिक बंद करून साबण आणि सोड्याच्या गरम पाण्यावर आले. राहिलेला काढा एचओडींना सांगून, फ्यूम कपबोर्डात (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), फेरस सल्फेट घालून उतरवला. नारिंगीचा हिरवा होताना डोळ्यांना दिसतो. मग चुना घालून पीएच साडेआठच्या आसपास आणला की खाली साका बसतो. तो साका बरणीत भरून, लेबल लावून ठेवलाय. तोही घातक कचराच, पण बेसिनमध्ये गेला नाही. एवढं करायला एक दुपार लागली आणि शंभर रुपयांच्या आत खर्च आला.

---

मनमाडच्या_मॅडम

ताई, तुमचं सगळं वाचलं आणि आमचं स्टोअर डोळ्यांपुढे आलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय म्हणून लिहिते.

आद्याक्षरांप्रमाणे लावणं हा सगळ्या कॉलेजांना लागलेला रोग आहे. आमच्याकडे एनच्या फळीवर नायट्रिक ॲसिड आणि नायट्रोबेंझीन खांद्याला खांदा लावून उभे होते. दोन्ही मिसळले तर स्फोटक मिश्रण होतं. आम्ही एका रविवारी सगळं गुणधर्मांप्रमाणे लावलं. आम्लं खाली, प्लॅस्टिकच्या परातीत, त्यातही नायट्रिक सगळ्यांपासून वेगळं. ज्वलनशील द्रावणं लोखंडी कपाटात. ऑक्सिडायझर त्यांच्यापासून लांब. सायनाइड आणि मर्क्युरीचे क्षार कुलुपात, आम्लांच्या जवळपास नाही. परातींना खर्च आला तो बोहारणीच्या भांड्यांइतका. पैसे नाहीत हे कारण निदान या कामाला लागू होत नाही.

दुसरं, जे फार कमी लोकांना माहीत आहे. ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१३ ला जो आदेश दिला, त्यात दुकानदारांबरोबर शैक्षणिक संस्था आणि प्रयोगशाळाही आहेत. ॲसिडच्या वापराचं रजिस्टर ठेवायचं आणि ते प्रांताधिकाऱ्यांकडे सादर करायचं. ॲसिड सांभाळायला एक जबाबदार व्यक्ती नेमायची, साठा तिच्या देखरेखीखाली. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. आमचं रजिस्टर घेऊन मी पहिल्यांदा प्रांत कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या क्लार्कनं ते उलटून पालटून बघितलं. कुठल्याच कॉलेजनं आजवर आणलं नव्हतं. शिक्का मात्र दिला. ताई, तुम्हाला "कायद्यातलं काय दाखवू" असा प्रश्न पडलाय ना, हा आदेश पहिला दाखवा. त्यावर वाद घालायची कुणाची छाती होत नाही.

ब्युरेट सर, तुमच्यासाठी. आम्ही ५० मिलीच्या ब्युरेटऐवजी १० मिलीची घेतली, द्रावणं त्या मानानं. एंडपॉइंट तितकाच चोख येतो, मुलांचा हात उलट जास्त बसतो, आणि वेस्ट पाचवा हिस्सा निघतं. जे निघतच नाही त्याला गाडी लागत नाही. आणि गाडीचं म्हणाल तर आम्ही तालुक्यातल्या चार कॉलेजांनी एकच दिवस ठरवून घेतला. प्रत्येकाचं प्राधिकारपत्र वेगळं, मॅनिफेस्ट वेगळं, पण फेरीचा खर्च वाटला गेला.

ॲप्रनबद्दल एक लिहू द्या, माझा जीव त्यात अडकलाय. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ ला शेहरबानो सांगजी ही २३ वर्षांची मुलगी सिरिंजनं टर्ट-ब्युटाइल लिथियम काढत होती. दट्ट्या निसटला. ते हवेत आपोआप पेटतं. अंगात सिंथेटिक स्वेटर, ॲप्रन नाही. अठरा दिवसांनी ती गेली, आणि पुढे विद्यापीठ आणि प्राध्यापक दोघांवर फौजदारी आरोप लागले. आपल्या मुली नायलॉनच्या ओढण्या घेऊन बर्नरवर वाकतात. मी दारातच ओढणी काढून खुंटीला लावायला लावते आणि सुती ॲप्रनशिवाय आत घेत नाही. पहिल्या वर्षी दोन पालक भांडायला आले होते. त्यांना लॅबमध्ये नेऊन टाकाऊ नायलॉनची चिंधी चिमट्यात धरून पेटवून दाखवली. ती कशी थेंब थेंब वितळून गळते ते बघून दोघेही गप्प झाले.

---

सातपूर_क्यूसी

मी सातपूरला एका औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. ताई, बिनलेबलच्या ३८ बाटल्यांना "अज्ञात" असं लेबल आणि क्रमांक द्या, एकमेकींत मिसळू नका. प्रक्रिया केंद्रवाले नमुना घेऊन ठरवतात, पण मिसळलेलं असेल तर खर्च वाढतो. मायक्रोबायोलॉजीच्या कल्चर प्लेट यात घालू देऊ नका. त्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतात, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करून) वेगळ्या पिशवीतून जातात. पाऱ्याच्या बरणीवर झाकण घट्ट आणि ती बरणी दुसऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. सांडला तर झाडू नका, गंधक पावडर टाका.

---

बुन्सेन_नाशिक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय झालं ते सांगते.

बुधवारी रात्री बसून दोन पानी पत्र लिहिलं. पहिल्या पानावर भोगवटादाराचं कलम, २०१३ चा आदेश, फॉर्म बी. दुसऱ्या पानावर १६३ बाटल्यांची यादी, वरच्या सहा लाल शाईनं. शेवटी एकच वाक्य, की तोंडी सूचनेप्रमाणे विल्हेवाट लावणं मला शक्य नाही, लेखी मार्गदर्शन मिळावं. गुरुवारी सकाळी ऑफिसात देऊन दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक घेतला. हात थरथरत होते, खरं सांगते.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं मेमो मिळणार. ते यादी वाचत होते. बराच वेळ वाचली. मग विचारलं, "पिक्रिक म्हणजे नक्की काय?" मी सांगितलं. ते केमिस्ट्रीचे नाहीत, त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं की ही खोली कोणत्या वर्गाच्या खाली येते. मी म्हटलं, जिन्याखाली, आणि जिन्यावरून रोज सातशे पोरं जातात. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला आणि तो जिना बंद करायला सांगितलं. पोलीस आयुक्तालयाचं पत्र त्याच संध्याकाळी गेलं.

काल एचओडी आणि मी उद्योग भवनात जाऊन आलो. प्राधिकारपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचाय, कागदांची यादी घेतली. प्राधिकारपत्र हातात येईपर्यंत माल जागेवरच, कुलूपबंद. म्हणजे नॅकच्या आधी स्टोअर रिकामं होणार नाही. एचओडींनी नॅकच्या फॉर्ममध्ये तसंच लिहायचं ठरवलंय, की साठा आहे, यादी सोबत जोडली आहे, प्रक्रिया सुरू आहे. काका, फॉर्म बी शोधला. शेवटचा तीन वर्षांपूर्वीचा निघाला. तेही पत्र गेलं.

पथकाची माणसं उद्या सकाळी साडेसहाला येतो म्हणालीत, कॉलेज भरायच्या आत. खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे.

कडुलिंबाजवळच्या जागेचंही मी पत्रात लिहिलं होतं. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही. तोवर बोअरच्या नळाला मी फडकं बांधून "पिऊ नये" अशी पाटी अडकवलीय, आणि रोज सकाळी स्टाफरूमच्या कूलरमधून माळीमामांची कळशी भरून देते.